फळीवरची ओल

१७ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी अप्पांची. औषध कंपनीचा माणूस दर जानेवारीला एक देऊन जायचा आणि अप्पा रोज तीन गोष्टी लिहायचे: हवा कशी होती, कोण आलं, धारा, म्हणजे आमचं घरचं औषध, केली की नाही. चोवीस फेब्रुवारीपर्यंत त्यांचं अक्षर आहे, पुढं सगळी कोरी. कोरी पानं वाया घालवणं आमच्या घरात बसत नाही. म्हणून त्यांची धाकटी मुलगी शिवरंजनी, वय सत्तेचाळीस, लग्न नाही, तोंड तिखट, आजपासून लिहिणार.

दुकानाला आता मधोमध फळी आहे. दिवाळी झाल्यावर बजरंग मिस्त्रीनं ठोकली. पाथरीच्या स्टँडकडून येताना पाहिलं तर एका पाटीखाली दोन दुकानं दिसतात. उजवीकडं मी: कापूर, विभूती, उदबत्ती, रुद्राक्ष, वाती. डावीकडं माझी थोरली बहीण राजेश्री, म्हणजे अक्का: हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, पिपरमिंटचे खडे. अप्पांना मुलगा नव्हता, त्यामुळं दुकान आम्ही दोघींनीच वीस वर्षं त्यांच्याबरोबर चालवलं. ते गेले आणि अक्का माझ्याशी बोलेनाशी झाली.

वाटणीच्या दिवशी ती एवढंच बोलली. "कापूर तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. तुला त्याची लय काळजी." मला वाटतं, पूजेच्या सामानाची कटकट तिला नको होती. औषधांना मान जास्त असतो ना.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पेडगावहून एक म्हातारी खास धारेसाठी आली. आधी अक्काकडं गेली, मग माझ्याकडं. दोघींनीही नाही सांगितलं. म्हातारी फळीकडं बघत राहिली आणि म्हणाली, मग आता कुठं जायचं? मी तिला उदबत्तीचा पुडा तसाच देऊन टाकला. ती तो नको म्हणाली आणि निघून गेली.

अप्पांच्या धारेत दोनच वस्तू असत. इतर लोक ओव्याचं फूल घालतात, अप्पा घालत नसत. बाटलीत कापराचा खडा आणि पिपरमिंटचा खडा टाकायचा, बूच लावायचं, हातात धरायचं. चूल नाही, पाणी नाही. दोन्ही कोरडे ठणठणीत. थोड्या वेळानं खड्यांच्या कडा ओल्या दिसायला लागतात, मग ते एकमेकांत घसरतात आणि शेवटी बाटलीत नुसतं निर्मळ पाणी राहतं. कपाळाला लावलं की डोकं उतरतं, छातीला चोळलं की कफ सुटतो. लहानपणी खडे टाकायचं काम आमचं असे. कापूर मी, पिपरमिंट अक्का. मग बाटली कुणी धरायची यावरून भांडण. अप्पा म्हणत, आळीपाळीनं धरा, दोघींचीही ऊब लागू दे.

आता कापूर फळीच्या या बाजूला आहे आणि पिपरमिंट त्या बाजूला. धारा बंद.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बंद कशाला? मी जीपनं परभणीला जाऊन पिपरमिंट घेऊन आले. अक्काकडून दोन हातांवर मिळालं असतं, पण तिच्यासमोर हात पसरायला मी काही इतकी गळले नाही. बारा बाटल्या भरल्या. प्रमाण अप्पांनी कुठं लिहिलेलं नाही, सगळी डायरी चाळली, "थंडी. धारा केली." एवढंच. कापूर माझा म्हणून सैल हातानं घातला. दुपारपर्यंत सगळ्यांचं पाणी झालं. बाटल्या दारापुढं ओळीनं मांडल्या, फळीपलीकडून नीट दिसतील अशा.

३ डिसेंबर, बुधवार

दारातून ऊन आत येतं आणि कापूर उडतो, म्हणून त्याची कापडी पिशवी सगळ्यात आतल्या फळकुटावर, फळीला टेकवून ठेवली. माझी खुर्चीही तिकडंच घेतली. तिथं वारा बरा लागतो.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. डोळे मिटले की दुकान पूर्वीइतकं मोठं होतं. फळीपलीकडं अक्काचा खलबत्ता चालतो, ठोक-ठोक, मधे थांबतो, ती खोकते, पुन्हा ठोक-ठोक. पूर्वी ती कुटायची आणि मी वाती वळायचे, आणि दोघींपैकी कोण आधी झोपेला येईल ते अप्पा बघत बसायचे. आज किती वेळ गेला कळलं नाही. मी मुद्दाम ऐकत नाही. ऐकू येतं.

११ डिसेंबर, गुरुवार

थंडी उतरली आहे. खोबरेल तेलाची बाटली दगड झाली. परभणीत पारा सहावर गेला म्हणतात.

सकाळी दुकान उघडलं तर माझ्या धारेच्या बाटल्यांत तळाशी पांढरे पापुद्रे. हलवलं की वर तरंगायचे आणि हळूहळू खाली बसायचे. दिसायला फार सुंदर होतं, मी एक बाटली उजेडासमोर धरून कितीतरी वेळ बघत बसले. पण गिऱ्हाईकं बाटल्या परत आणायला लागली. एक म्हणाला, अप्पांच्या धारेत असला गाळ कधी नव्हता. दुसरी नुसती बाटली काउंटरवर ठेवून गेली. ते जास्त लागलं.

तळहातात धरली की पापुद्रे विरघळतात. ठेवली की पुन्हा येतात.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

अप्पांचं मूळ गाव लातूरकडचं, म्हणून आमच्याकडं येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, पाळतात. निम्मं गाव शेतात जेवायला गेलं. आम्हाला शेत नाही. अप्पा या दिवशी दुकानातच चटई टाकून आम्हाला भज्जी आणि आंबिल वाढायचे, विभूतीच्या डब्यांना शेत समजून त्यांच्याभोवती दोन थेंब शिंपडायचे.

दुपारी पारूबाई अक्काकडून वाटीभर आंबिल घेऊन आली. पारूबाई दोन्हीकडं झाडलोट करते आणि दोन्हीकडचे निरोप नेते. तिचा मुलगा-सून ऊसतोडीला गेलेत, त्यामुळं तिला बोलायला आम्हीच. आंबिल प्यायले. लसूण नेमका अप्पांच्या हातचा. मी फळीकडं पाठ करून प्यायले.

वाटी रिकामी परत देत नाहीत. दुकानात गोडाचं काही नव्हतं. हाताशी होता तो कापराचा एक खडा घातला, चांगला टपोरा बघून.

२० डिसेंबर, शनिवार

पारूबाईनं सांगितलं की अक्कानं वाटीतला खडा बघितला आणि तो पदराच्या टोकाला बांधला. दिवसभर जेवली नाही. मला कळेना. शुभ्र, उत्तम कापूर होता. आंबिलीच्या बदल्यात कापूर दिला तर रागवायचं काय?

की तिला ती शिवरात्र आठवली?

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. शिवरात्रीच्या दोन दिवस आधी अप्पांना परभणीला दवाखान्यात ठेवलं. अक्का त्यांच्याजवळ होती. मी दुकान सांभाळलं, कारण शिवरात्रीला आमच्या कापराशिवाय गावाचं चालत नाही आणि अप्पांनीच सांगितलं होतं, दुकान बंद ठेवू नका. दारात रांग लागली होती. फोन कापराच्या खणात होता. ऐकू आला नाही. गर्दीत कुणाला ऐकू येतं? आणि दोनदाच तर वाजला. संध्याकाळी मी तिथं पोचले तेव्हा अप्पा गेलेले होते.

यात माझी चूक नाही. अक्कानं उगाच मनात धरलं आहे.

२७ डिसेंबर, शनिवार

बाटल्यांचा नाद लागलाय. पाच बाटल्या केल्या. पहिलीत कापूर बराच जास्त, मग थोडा थोडा कमी करत पाचवीत पिपरमिंट बरंच जास्त. रात्री खिडकीबाहेर ठेवल्या आणि उजाडल्यावर शाल गुंडाळून बघायला गेले.

पहिलीत आणि दुसरीत कापराचे पापुद्रे. तिसरीत अगदी थोडे. चौथीत पिपरमिंटच्या दोन-चार लांब सुया. पाचवीत सुयांचं रानच. म्हणजे जे जास्त झालेलं असतं तेच थंडीत आधी बाहेर पडून घट्ट होतं. प्रमाणातलं असतं ते मात्र निमूट पाण्यासारखं राहतं. गंमत अशी की एकटा कापूर या थंडीत खडा, एकटं पिपरमिंटही खडा, आणि दोघं बरोबर जमली तर कितीही गारठा पडो, गोठत नाहीत. ती जागा तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीच्या मधे कुठंतरी आहे. मला ती सापडत नाही.

अक्काला ठाऊक असेल. अप्पांच्या शेजारी तीच बसायची.

३१ डिसेंबर, बुधवार

दुसरीच कटकट. फळीवर आतल्या कोपऱ्यात, दोन तुकड्यांच्या जोडापाशी, ओल आली आहे. वीतभर डाग आणि खाली एक बारीक ओघळ. अक्काचा पाण्याचा माठ नक्की तिथं असणार. किती वेळा सांगितलं होतं की माठ लाकडाजवळ ठेवू नकोस.

डायरी आज संपली. मागं टेलिफोन नंबरांची पानं आहेत. अप्पांनी त्यात दोनच नंबर लिहिलेत, अक्काचा आणि माझा. उरलेल्या जागेत लिहिते.

४ जानेवारी, रविवार

पारूबाईच्या हाती निरोप पाठवला की माठ हलव. उलट निरोप आला की माठ दारापाशी आहे, तिच्याकडची फळीसुद्धा ओली झाली आहे आणि पाझर माझ्याकडून येतो. माझ्याकडून! माझ्याकडं पाण्याचा तांब्यासुद्धा नाही.

मी म्हटलं, ठीक. लाकूड भिजतं, वीट भिजणार नाही. बजरंग मिस्त्रीला बोलावलं. गुरुवारी तो विटा घेऊन येणार, फळी काढणार आणि छतापर्यंत पक्की भिंत घालणार. अक्कानंही पारूबाईतर्फे कळवलं, घाल म्हणावं.

पारूबाई झाडता झाडता म्हणाली, "रंजाताई, त्या ओलीला वास येतोय बगा." मी हसले. या दुकानात कशाला वास येत नाही? आम्हा दोघींची नाकं केव्हाच मेलीत. बाहेरचा माणूस पायरीवर शिंकतो आणि आम्हाला कापराचा डबा नाकाला लावला तरी काही कळत नाही.

७ जानेवारी, बुधवार

आजची सकाळ सगळ्यात गार. तिसऱ्या बाटलीत पापुद्रे, चौथीत सुया, खोबरेल दगड. फळीवरची ओल मात्र जशीच्या तशी ओली. वाळतही नाही.

दुपारी खुर्ची तिथंच होती. उद्यापासून वीट. विटेपलीकडचं काही ऐकू येत नसणार. खलबत्ता चालू होता, आणि मी झोपेत की जागेपणी माहीत नाही, अप्पांना पाहिलं. फळी नव्हती. ते दोन्ही दुकानांच्या मधे बसून मुठीत काहीतरी धरून होते आणि म्हणत होते, अजून झालं नाही, जरा दम धर. मी विचारलं, काय व्हायचं आहे? ते मूठ उघडणार इतक्यात खलबत्ता थांबला आणि मला जाग आली. पलीकडंही अगदी शांत होतं. ती का थांबली असेल याचा मी संध्याकाळपर्यंत विचार करत बसले. भिंत मीच बोलावली आणि मलाच ती नको आहे, हे कुणाला सांगू?

८ जानेवारी, गुरुवार

सगळं ओळीनं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

बजरंग मिस्त्री नऊला आला. विटा दारात उतरवल्या आणि मी कापराची पिशवी काढून घ्यायला आत गेले. पारूबाई तिथं उकिडवी बसली होती. फळीच्या ओलीला बोट लावायची आणि ते कपाळावर चोळायची. काय चाललंय म्हणून विचारलं.

"कपाळाला लावायलेय," ती म्हणाली. "चार दिस झाले. सकाळी अक्काच्या बाजूचं, दुपारी तुमच्या बाजूचं. डोकं लय हलकं व्हतंय."

मी ओलीला बोट लावलं आणि पापणीखाली टेकवलं. गार, मग जळजळ, मग डोळ्यांतून धार. धारा होती ती. अप्पांची, खडा नसलेली.

पिशवी उचलली. तळ ओला होता आणि कापूर निम्मा उरला होता. पिशवी नेमकी फळीच्या जोडावर टेकलेली होती. वासानं मेलेल्या नाकांच्या दोन बायका आठवडाभर एकमेकींचा माठ शोधत होत्या, आणि इकडं फळीच्या फटीनं कापूर आणि पिपरमिंट एकत्र आणलं होतं. मला न सापडलेलं प्रमाण त्या फटीला सापडलं होतं.

"अक्का," मी म्हटलं. दहा महिन्यांनी. आवाज माझा वाटला नाही.

पलीकडं खलबत्ता थांबला.

"तुझं पिपरमिंट कुठं ठेवलंस?"

पलीकडून उत्तर आलं. "हितं. फळीला लागून."

तिथं कशाला ठेवलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, ती तिथंच बसते, सामान हाताशी बरं. मग मी विचारलं की दाराशी उजेड असताना ती तिथं आत कशाला बसते. मला उत्तर नकोच होतं. माझी खुर्ची मला दिसत होती.

डोळ्यांतून धार चालूच होती, धारेची की माझी ते वेगळं काढता येत नव्हतं. पारूबाई आणि बजरंग दोघंही तिथंच उभे होते. त्यांच्यासमोरच बोलले.

"अक्का, त्या दिवशी फोन मला ऐकू आला होता. दोन्ही वेळेला."

"ठाऊक हाय," अक्का म्हणाली. "दुसऱ्या खेपेला तू कट केलतास."

हो. कट केला होता. हात कापरानं भरलेले होते, समोर रांग होती, वाटलं की दहा मिनिटांनी करू. हे मी अप्पांच्या डायरीतसुद्धा खोटं लिहिलं.

मी फळीला कपाळ टेकवलं. ओल कपाळाला लागली. पलीकडून अक्काचा आवाज अगदी जवळून आला, तीही तिथंच टेकली असावी.

"तिसऱ्यांदा लावणार व्हते म्या," ती म्हणाली. "अप्पाच म्हणाले, नको, तिच्याम्होरं गर्दी आसंल, चिडंल. हासून म्हणाले. म्या ऐकलं त्यांचं. लावायला पायजे व्हता." मग म्हणाली, "दहा म्हैने तुला सांगितलं न्हाई म्या ते. तुला सांगितलं आसतं तर तुझं वझं कमी झालं आसतं, म्हणून सांगितलं न्हाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही. अप्पा हसून माझ्याविषयी बोलले होते, एवढंच मला ऐकू आलं.

बजरंगनं खाकरून विचारलं की विटांचं काय करायचं. अक्कानं तिकडून सांगितलं, विटा परत ने. मी म्हटलं, फळी काढून टाक. तर अक्का म्हणाली, "न्हाई. फळी ऱ्हाऊ दे, आपल्या दोघींची भांडणं काय आज सरली न्हाईत. भोक पाड तिथं, हात जाईल येवढं." बजरंगनं आमच्याकडं बघून मान हलवली आणि जोडापाशी करवत लावली.

भोकातून आधी भुसा पडला आणि मग अक्काचा हात आला. हिरव्या शिरा, नखांत ज्येष्ठमधाची पूड. हातात रिकामी बाटली होती, तळाशी पिपरमिंटचे खडे.

"आण तुझा कापूर," ती म्हणाली.

मी विचारलं, किती? अप्पा किती घालायचे?

"ते मोजत नव्हते. बाटली धरून बसायचे. कापूर उरलेला दिसला की पिपरमिंट टाकायचे, पिपरमिंट उरलं की कापूर. काईच उरलं न्हाई की झालं."

मी एक खडा टाकला. बूच लावलं. तिनं बाटली मागं नेली नाही, हात तिथंच ठेवला. थंडीत खड्यांना सुटायला वेळ लागतो, म्हणून मी माझा तळहात तिच्या हातावरून बाटलीभोवती धरला. तिच्या मनगटाला पदराचं टोक लागलेलं होतं आणि त्यात एक बारीकशी गाठ होती. वीस दिवसांत त्यातला खडा कधीच उडून गेला असणार. गाठ तिनं सोडली नव्हती.

हवा: कडक थंडी.
कोण आलं: अक्का.
धारा केली.